सुळा

मी दात घडवते, पोटापाण्यासाठी.
सोलमध्ये, जोंगनोच्या एका मागल्या गल्लीत,
तिसऱ्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत.
आधी मेणाचे, मग चिनीमातीचे.
माणसं मला दिसत नाहीत. जबडे येतात फक्त,
डब्यात, नावाची चिठ्ठी लावून.

म्हणून मेंग सॉ-ह्वान मला आधी दिसला
तोही दातानेच.
कुणीतरी चोरून काढलेला हलता व्हिडिओ:
सरावाच्या खोलीत, आरशासमोर
गिरकी चुकून तो आपटला, आणि हसला.
डावीकडचा वरचा सुळा
ओळ मोडून पुढे आलेला,
शाळेच्या फोटोत रांगेबाहेर उभ्या पोरासारखा.
हसता हसता हात तोंडावर.
तेवढाच तुकडा मी चाळीसदा मागे नेला.
धंद्याची खोड, असं स्वतःला सांगितलं.

पहिल्यांदा स्टेजवर आला तेव्हा सुळा नव्हता.
ओळ सरळ, शुभ्र, एकसारखी,
हनुवटी निमुळती, नावही तासलेलं: नुसतं ह्वान.
टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, खरं आहे.
पण टाकी कुणाच्या तरी हातात असते
आणि तो हात महिन्याच्या पंचवीस तारखेला पगार घेतो.
मी काम निरखून पाहिलं.
चांगलं होतं. आमच्याच गल्लीतलं असावं.

मग बाकीच्या जे करतात ते सगळं केलं.
पहाटे तीनला सांगामच्या फुटपाथवर
ॲल्युमिनियमची शिडी मांडून नंबर लावला,
खिशात गरम पुड्या,
भाड्याची लांब लेन्स मांडीवर, तान्ह्या बाळासारखी.
त्याच्या वाढदिवसाला मांगवॉनच्या कॅफेत
तीनशे पेल्यांना त्याच्या चेहऱ्याचे कागदी पट्टे चढवले.
पोरी आल्या, पोरींच्या आया आल्या,
एक निवृत्त बसचालक आला, संकोचून.
कॉफी फारशी कुणी प्यायलं नाही.
पट्टा भिजला असता.

नवसच म्हणा: एकाच अल्बमच्या सत्याऐंशी प्रती.
जितक्या प्रती तितक्या चिठ्ठ्या,
चिठ्ठी निघाली तर नव्वद सेकंद, समोरासमोर.
निघाली.

तोवर रात्री जागून मी तो सुळा घडवला होता.
व्हिडिओ थांबवून थांबवून, मेणात:
त्याचा कल, त्याचं टोक, मुळापाशी एक बारीक चीर.
आता जगातल्या कुठल्याच जबड्यात न बसणारा दात.
पूजा वगैरे नाही केली.
डबीत कापसावर ठेवला
आणि झोपण्याआधी उघडून बघायचे, एवढंच.

टेबलापलीकडे तो.
चेहऱ्यावर रंगाचा थर, थराखाली झोप.
जवळून लहान दिसतो. सगळ्या सांगतात, तरी धक्का बसतो.
त्याने नाव विचारलं.
सो-दाम, म्हटलं,
आणि पाठ केलेलं सगळं विसरून विचारलं:
दुखलं होतं का? दात काढताना?

मागे उभ्या बाईने मान वर केली.
तो हसला,
आणि हात तोंडावर गेला.
जे आता तिथं नाही ते झाकायला.

अर्धा सेकंद असेल.
मग हाताला कुणीतरी हाक मारल्यासारखा तो खाली आला,
दोन बोटांचं बदाम झाला, माझ्याकडे वळला.
पुढे चला, पुढे चला.

डबी खिशातच राहिली.

आमच्याकडे पोराचा दुधाचा दात पडला
की छपरावर फेकतात, मॅगपाय पक्ष्याला सांगतात:
जुना घे, नवा दे.
त्या रात्री मी गच्चीवर गेले.
उलट कसं सांगायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं.
पाण्याच्या टाकीवर एक पक्षी होता, बहुतेक कबूतर.
थंडीने मेण काचेसारखं कडक झालं होतं.
घेऊन खाली आले.

सोमवारी इंचॉनच्या एका आजोबांची दाढ आली,
खालची, उजवी. घाईची होती.
दारापाशी सत्याऐंशी अल्बम अजून तसेच आहेत,
चालताना अंगठ्याला लागतात.
परवा आई आली होती, म्हणाली, एवढ्या खोक्यांत आहे तरी काय?
कामाचं सामान, म्हटलं.